विश्लेषण : बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर सुलतान खान यांची ताकद मोजू शकेल?

कर्जतच्या एसटी स्थानकात गाडीची वाट पाहताना मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव खेळला, की ॲप शेवटी आकडा देते : आजचा खेळ १६०० रेटिंगचा. पुढच्या डावाला तोच आकडा ११०० वर येतो. यातला खरा कोणता? हे समजून घ्यायला मीर सुलतान खान यांचे आयुष्य पाहावे. माजी जगज्जेत्याला हरवणाऱ्या या खेळाडूला हयातीत रेटिंग कधी मिळालेच नाही.

कोण होते सुलतान खान?

आज पाकिस्तानात असलेल्या मिठा तिवाना गावी १९०३ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडिलांकडून ते देशी बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नाही आणि कॅसलिंगही आजच्यासारखे नसते. नवाब सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने त्यांनी आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात केले. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी नवाबांबरोबर लंडन गाठले आणि काही महिन्यांतच ब्रिटिश विजेतेपद मिळवले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा तेच. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका यांना नमवले; १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना रुबिनस्टाइन आणि फ्लोर यांना. ओपनिंग ही त्यांची कच्ची बाजू. डावाच्या मध्यात आणि अखेरीस मात्र ते भल्याभल्यांना भारी पडत.

सॉफ्टवेअर नेमके काय मोजते?

ते प्रत्येक चालीची स्वतःच्या सर्वोत्तम चालीशी तुलना करते आणि सरासरी नुकसान प्याद्याच्या शतांशात मांडते. चूक शोधण्यात ते माणसाच्या कितीतरी पुढे आहे. गोची पुढे होते. पटावर मोहरी कमी, चाली सरळ, तर सामान्य खेळाडूही अचूक दिसतो. गुंतागुंतीत दिग्गजाचाही आकडा घसरतो. स्लोव्हेनियाचे गुइड आणि ब्रात्को यांनी २००६ मध्ये क्राफ्टी या प्रोग्रॅमने जगज्जेत्यांचे डाव तपासले, तेव्हा कापाब्लांका सर्वांत अचूक ठरले. पण ते मुळातच डाव सोपा करत नेणारे खेळाडू. त्या संशोधकांनाही गुंतागुंतीचा वेगळा हिशेब मांडावा लागला.

शिवाय आजचा शाळकरी मुलगा ओपनिंगच्या पंधरा चाली पाठ करून येतो. त्या त्याच्या नावावर जमा होतात. सुलतान खान यांना तिथेच पटावर बसून विचार करावा लागे. नुसत्या अचूकतेवर दोघांना तोलले, तर पाठांतरालाच गुण मिळतील. म्हणून एका डावावरून ॲपने दिलेले रेटिंग गमतीपुरते घ्यावे. खरे रेटिंग निकालांवरून ठरते : कोणाशी खेळलात, किती जिंकलात, आणि तेही बऱ्याच डावांनंतर.

पुढे काय झाले?

१९३३ च्या अखेरीस नवाबांबरोबर ते भारतात परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर एकच डाव बरोबरीत सोडवू शकले, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्यानंतर ते मोठ्या स्पर्धांत दिसले नाहीत. शेती करत राहिले. १९६६ मध्ये सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, एलो रेटिंग स्वीकारले ते १९७० मध्ये. प्राध्यापक एलो यांनी नंतर जुन्या निकालांवरून त्यांच्या बहराच्या काळाला २५३० गुण दिले. फिडेचा मानद ग्रँडमास्टर किताब मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला, मृत्यूनंतर ५७ वर्षांनी.