साताऱ्याच्या परीक्षकांनी काय पाहिले नाही

१८७५ साली कोकणातल्या मुरुडहून सतरा वर्षांचा एक मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. भर पावसात, सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल तो चार दिवसांत चालून गेला. पण परीक्षकांना तो सतरा वर्षांचा वाटेना, म्हणून त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. त्यांनी अंगकाठी पाहिली, चार दिवसांची चाल पाहिली नाही. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

पुढे मुंबईत शिकून १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये त्यांनी सुरू केलेला विधवांचा आश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला. कॉलेजचे तास आटोपले की अण्णा चिखल तुडवत तिकडे निघत. वाहन परवडत नव्हते. व्यायाम म्हणून ते चालत नव्हते, काम तिकडे होते म्हणून चालत होते. माझ्या मते हा फरक महत्त्वाचा आहे.

१९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे सरकारी नोकर निवृत्तीचे कागद जमवतो त्या वयात, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२९ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी ते बोटीने युरोपला गेले. तिथून अमेरिका आणि जपान करून परतले आणि थोड्याच महिन्यांत निधीसाठी आफ्रिकेला निघाले. १९३६ मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी नवे मंडळ स्थापले.

आता आमच्या वॉर्डातली गोष्ट. आजोबांचे वय ब्याऐंशी ऐकले की नातेवाईक ऑपरेशन नको म्हणतात, कधीकधी तरुण डॉक्टरही. उलट पासष्टीचे गृहस्थ रक्ततपासणीत, ईसीजीत ठीक निघाले की सगळे निर्धास्त होतात. पण त्यांचे वजन सहा महिन्यांत आपोआप उतरलेले असते, हाताची पकड सैल असते, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, चाल मंदावलेली असते. याला फ्रेल्टी म्हणतात. शरीरातली शिल्लक संपत आलेली असते. भूल, रक्तस्राव, चार दिवसांचे अंथरूण हा खर्च मग त्या शिलकीतून निघत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पासष्टीपुढच्या ५९४ रुग्णांना ऑपरेशनआधी अशाच पाच खुणांवर तपासले. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात फ्रेल रुग्णांना गुंतागुंत होण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. वय तेच, शिल्लक वेगळी.

म्हणून मी आता वय विचारण्याआधी रुग्णाला चार मीटर चालायला सांगतो. पाच सेकंदांहून जास्त लागले तर पुढची चौकशी करतो: जेवण किती, गोळ्या किती, गेल्या वर्षी पडलात का, घरी कोण असते. ऑपरेशन ठरवून करायचे असेल तर तीन-चार आठवडे हाती असतात. त्यात रोजचे चालणे, खुर्चीतून ऊठबस, ताटात डाळ, दूध, अंडी वाढवता येतात. खुब्याचे हाड मोडले असेल तर मात्र थांबू नये. तिथे अशक्त रुग्णालाही लवकर ऑपरेशन करून उठवून बसवणेच बहुधा हिताचे असते, कारण अंथरूण त्याची उरलीसुरली शिल्लक खाते.

कर्व्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय सगळे चालण्याला देऊ नये. आनुवंशिकता असते, नशीबही असते. शिवाय इतके जगण्याची किंमतही त्यांनी मोजली: १९५० मध्ये पत्नी गेली, १९५३ मध्ये मुलगा रघुनाथ. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा त्यांचे वय १०४ होते.