पेशव्यांचे सावकार, मोरोपंतांचे आश्रयदाते

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात कऱ्हा नीरेला मिळते आणि पुढे इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूर येथे नीरा भीमेत विलीन होते. या मुलखातील इंदापूर मालोजीराजांच्या स्मृतीने ओळखले जाते, तर बारामतीची जुनी ओळख कविवर्य मोरोपंत आणि त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक या दोन नावांशी निगडित आहे. मोरोपंतांची स्मृती पाठ्यपुस्तकांनी जपली. नाईकांचे नाव मात्र कऱ्हाकाठच्या वाड्यापलीकडे फारसे घेतले जात नाही. एके काळी हा गृहस्थ पेशवेपदाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचला होता, हे आज अनेकांना ठाऊकही नसेल.

सदाशिव नाईक जोशी हे त्यांचे मूळ नाव, घराणे सावकारीचे. मराठी राज्याच्या विस्तारकाळात सावकाराला असाधारण महत्त्व होते. दसऱ्याला फौजा सीमोल्लंघन करीत. परंतु चौथाई-सरदेशमुखीचा वसूल हाती येईपर्यंत शिलेदारांचा पगार आणि दाणावैरण यांचा खर्च भागवायचा कसा, हा प्रत्येक सरदारापुढचा प्रश्न असे. ही रक्कम सावकार आगाऊ देत आणि फेडीसाठी त्यांना मुलखाच्या वसुलावर वराती मिळत. थोरल्या बाजीरावांच्या विजयांमागे अशा कर्जाचा मोठा भार होता. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी जसे त्यांचे धनको, तसेच बारामतीचे नाईकही. त्यातही नाईकांचे नाते केवळ देण्याघेण्याचे नव्हते. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांचा विवाह बाजीरावांच्या भगिनी भिऊबाई यांच्याशी झालेला होता. ऋणको आणि धनको असे एकमेकांचे सोयरेही होते.

28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि या नात्याची कसोटी लागली. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब तेव्हा विशीच्याही आतले होते. पेशवे घराण्याच्या वाढत्या वर्चस्वाने अस्वस्थ झालेल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. नाईकांनी मोठ्या नजराण्याची तयारी दर्शविली. शाहू महाराजांनी मात्र बाजीरावांच्या सेवेचे स्मरण ठेवून 25 जून 1740 रोजी साताऱ्यात नानासाहेबांनाच वस्त्रे दिली. पद हुकल्यावर नाईकांनी कर्जाचा तगादा लावला, तेव्हा महादोबा पुरंदरे नव्या पेशव्यांच्या मदतीस उभे राहिले. मराठी राज्यात सावकाराची पत मोठी होती. पण राज्यकारभाराची सूत्रे केवळ त्या बळावर हाती येत नाहीत, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

तरीही नाईकांची महत्त्वाकांक्षा ओसरली नाही. कर्नाटकातील वसुलीचे अधिकार त्यांनी मिळविले आणि फौज घेऊन ते दक्षिणेत उतरले. परंतु 1743 मध्ये निजामाने त्रिचनापल्ली परत घेतली होती आणि तिकडची परिस्थिती मराठ्यांना प्रतिकूल झाली होती. नाईकांना तेथे यश आले नाही. फौजेचा खर्च तेवढा अंगावर पडला. ज्याने इतरांच्या मोहिमांना पैसा पुरविला, तोच स्वतःच्या मोहिमेने अडचणीत आला. 1746 च्या अखेरीस कर्नाटकची मोहीम तरुण सदाशिवरावभाऊंकडे गेली.

राजकारणात जे साधले नाही, त्याहून टिकाऊ असे काही नाईकांच्या हातून बारामतीत घडले. 1729 मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत पराडकर शतकाच्या मध्यास येथे आले. नाईकांनी त्यांना आश्रय देऊन पुराण सांगण्याचे काम सोपविले. पुढची सुमारे चार दशके, 1794 मधील निधनापर्यंत, पंतांचे वास्तव्य बारामतीतच राहिले. उदरनिर्वाहाची चिंता मिटलेल्या या व्यासंगी गृहस्थाने महाभारत आर्येत आणले, पृथ्वी वृत्तात ‘केकावली’ रचली आणि रामकथा नाना रचनाबंधांत पुनःपुन्हा सांगितली. ओष्ठ्य वर्ण संपूर्णपणे टाळून लिहिलेले निरोष्ठ रामायण हा त्यातलाच एक नमुना. एवढी विपुल आणि घोटीव रचना स्थैर्यावाचून संभवत नाही, आणि ते स्थैर्य पंतांना नाईकांच्या आश्रयाने दिले.

नाईकांनी आयुष्यभर मोठमोठ्या रकमांचे व्यवहार केले. बाजीरावांना दिलेल्या कर्जाने त्यांना दरबारात वजन मिळवून दिले, पण पेशवेपद दिले नाही. शाहू महाराजांपुढे ठेवलेला नजराणा व्यर्थ गेला आणि कर्नाटकात ओतलेला पैसा परत आला नाही. या सर्वांच्या तुलनेत एका पुराणिकाच्या योगक्षेमाची रक्कम अगदीच किरकोळ म्हटली पाहिजे. मात्र बारामतीच्या या सावकाराचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात राहिले, ते त्या किरकोळ खर्चामुळेच.