पदव्या घेऊन बाबासाहेब कुठे परतले?

१४ एप्रिल जवळ आला की आम्ही बाबासाहेबांच्या पदव्या बॅनरवर ओळीने छापतो. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. त्या पदव्यांचं पुढे त्यांनी काय केलं, याबद्दल मात्र आम्ही कमी बोलतो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढच्या वर्षी लंडन गाठलं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली, पण कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला तिथे राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही हाकललं गेलं. शिकलं की जात आपोआप सुटते, असं आजही मानणाऱ्यांनी बडोद्याचे ते दिवस जरूर आठवावेत.

१९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार ४५० रुपये, तेव्हा मोठाच. तरी कुटुंब परळच्या चाळीतच राहिलं. रमाईंनी काटकसरीने संसार चालवला आणि पै-पै शिल्लक पडू लागली. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेलं कर्ज जोडून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये परतले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले.

एवढ्या पदव्या असलेल्या माणसाला सुखाची सरकारी नोकरी अवघड नव्हती. त्यांनी वकिली निवडली, कारण वकिलाचा वेळ त्याच्या हातात असतो. कार्यालय थाटलं ते परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरणी कामगारांच्या वस्तीत. तिथे फी देणाऱ्या अशिलांपेक्षा गाऱ्हाणी घेऊन येणारेच जास्त. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि तिच्या सुरुवातीच्या कामांत सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह होतं. म्हणजे महाडच्याही आधी पोरांच्या राहण्या-जेवण्याची सोय! घर चालवायला बाबासाहेब तेव्हा एका संस्थेत अर्धवेळ शिकवत होते. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती आली.

पुढचं बरंचसं सर्वांना ठाऊक आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी. नंतर औरंगाबाद. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फारशी नव्हती. आज मिलिंदमध्ये शिकलेले किती प्राध्यापक, कवी, अधिकारी, कार्यकर्ते आमच्या आजूबाजूला आहेत ते मोजून पाहा.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने आपल्या या माजी विद्यार्थ्याला एलएल.डी. देऊन गौरवलं. तब्येत खालावली होती, तरी ते न्यूयॉर्कला जाऊन आले.

त्यानंतरचा एक प्रसंग आम्ही बॅनरवर छापत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या वर्गाबद्दलचं दुःख उघडपणे मांडलं. शिकून वर गेलेली माणसं समाजासाठी काही करतील ही त्यांची अपेक्षा होती. ती मोडली होती, आणि हे ते भर सभेत सांगत होते. ऐकणाऱ्यांत शिकलेलेही बसले होते. नऊ महिन्यांच्या आत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.