पक्षाला युद्ध हवं होतं, जॉन अॅडम्सने तह केला आणि खुर्ची गेली

४ मार्च १८०१, पहाटेचे चार. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष घोडागाडीत बसून वॉशिंग्टन सोडतोय. दुपारी त्याच्या जागी थॉमस जेफरसन शपथ घेणार, पण ते बघायला हा थांबलेला नाही.

हा जॉन अॅडम्स, अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष.

१७९६ ला त्याने जेफरसनला ७१ विरुद्ध ६८ मतांनी हरवलं. तेव्हा दुसरा आलेला उपराष्ट्राध्यक्ष व्हायचा, त्यामुळे विरोधकच शेजारी येऊन बसला. मंत्री वॉशिंग्टनच्या काळातले, आणि ते ऐकायचे अलेक्झांडर हॅमिल्टनचं. हॅमिल्टन अॅडम्सच्याच पक्षाचा, हे विशेष.

बाहेर ब्रिटन आणि फ्रान्सची जुंपलेली. अमेरिकेने ब्रिटनशी करार केला म्हणून फ्रान्स चिडला आणि तीनशेच्या वर अमेरिकन जहाजं धरली. अॅडम्सने बोलणीसाठी तीन दूत पॅरिसला धाडले. तिथं परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी आधी लाच मागितली, तब्बल अडीच लाख डॉलर!

१७९८ ला हे प्रकरण उघड झालं आणि देश पेटला. नौदलाचं खातं उभं राहिलं, घोषणा न करताच समुद्रात लढाई जुंपली. अॅडम्स एकदम हिरो झाला.

त्याच तापलेल्या हवेत त्याने सरकारविरुद्ध लिहिणाऱ्यांना तुरुंगात टाकणाऱ्या कायद्यावर सही केली. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने आत गेला, आणि गंमत म्हणजे तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला. हा डाग अॅडम्सला कायमचा चिकटला.

इकडे नव्या सैन्याचा प्रमुख नावाला वॉशिंग्टन, कारभार हॅमिल्टनच्या हाती. अॅडम्सला फ्रेंचांपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. फेब्रुवारी १७९९ मध्ये मंत्र्यांना न विचारता त्याने फ्रान्सला पाठवायच्या दूताचं नाव थेट सिनेटकडे धाडलं. पक्षात बॉम्बच पडला. पुढच्या वर्षी त्याने दोन मंत्र्यांना घरी बसवलं, तर हॅमिल्टनने ऐन निवडणुकीत त्याच्यावर टीकेची पुस्तिका काढली.

३० सप्टेंबर १८०० ला फ्रान्सशी तह झाला. पण न्यूयॉर्क मे महिन्यातच हातचं गेलं होतं. शेवटी जेफरसन आणि बर प्रत्येकी ७३, अॅडम्स ६५.

म्हातारपणी त्याने एका पत्रात लिहिलं, थडग्यावर दुसरं काही नको. १८०० मध्ये फ्रान्सशी शांतता केल्याची जबाबदारी याने घेतली, एवढंच कोरा.