विश्लेषण : बेंजामिन फ्रँकलिन रोज रात्री वहीत काळे ठिपके का काढत?

शंभर डॉलरच्या नोटेवरचे बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला पतंग आणि विजेच्या प्रयोगामुळे ठाऊक आहेत. त्यांची छोटी वही मात्र फारशी माहीत नाही. आजची ‘हॅबिट ट्रॅकर’ अ‍ॅप जे करतात, तेच काम ही वही सुमारे ३०० वर्षांपूर्वी करत होती.

वहीत काय होते?

फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ मध्ये बोस्टनचा. फिलाडेल्फियात छापखाना चालवताना त्यांनी अंगी बाणवायच्या १२ गुणांची यादी केली. एका क्वेकरपंथीय मित्राने ते गर्विष्ठ असल्याचे सुनावल्यावर तेरावा गुण आला : नम्रता. पानावर लाल शाईचा तक्ता. सात रकाने वारांचे, तेरा ओळी गुणांच्या. रात्री दिवसाची झाडाझडती घ्यायची आणि चुकले तिथे काळा ठिपका द्यायचा. दर आठवड्याला भर एकाच गुणावर, म्हणजे वर्षात बरोबर चार फेऱ्या. ठिपके खोडून खोडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी हस्तिदंती पाने वापरली. त्यावरची पेन्सिल ओल्या स्पंजने पुसता येई.

उपयोग झाला का?

टापटिपीत ते जवळपास नापासच झाले. गिऱ्हाईक आपल्या सोयीने येणार, मग वेळापत्रक पाळणार कसे? शिवाय स्मरणशक्ती दांडगी, त्यामुळे वस्तू जागेवर ठेवायची सवयच नव्हती. नम्रता खरोखर आली नाही, पण तिचा देखावा जमला, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली. बोलताना ‘निश्चितच’सारखे शब्द मात्र त्यांनी कटाक्षाने टाळले. पुढे फेऱ्या विरळ झाल्या, तरी वही सोबत राहिली. १७८४ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, पॅरिसजवळच्या पासी येथे त्यांनी ही सगळी हकिगत लिहिली.

कोणता ठिपका पडला नाही?

यादीत ‘न्याय’ हा गुणही होता. तरीही फ्रँकलिन यांच्या घरी गुलाम होते आणि त्यांच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात. तक्त्यात तेच दिसते जे तपासायचे ठरवलेले असते. इथे पद्धतीची मर्यादा उघडी पडते. मत बदलायला त्यांना कित्येक दशके लागली. १७८७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा गुलामगिरीविरोधी अर्ज अमेरिकी काँग्रेसपुढे आला. काँग्रेसने हस्तक्षेप केला नाही. १७ एप्रिलला फ्रँकलिन यांचे निधन झाले.