आनंदीबाई जोशी : टपालाच्या थैलीतून उघडलेली वाट

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता राजगुरुनगर मागे टाकून पेठ, मंचर, नारायणगाव करीत संगमनेरला पोहोचतो. गोपाळराव जोशी यांचे गाव ते हेच संगमनेर. देशातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे हे पती टपाल खात्यात कारकून होते. हा तपशील चरित्रांतून बहुधा एका ओळीत उरकला जातो. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी अधिक चवीने सांगितल्या जातात आणि टपालाची नोकरी मागे पडते. वस्तुतः आनंदीबाईंच्या एकवीस वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक वळणावर एखादे पत्र उभे आहे, आणि त्यातील पहिले पत्र कोल्हापुरातून निघाले होते.

मूळची कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नऊ वर्षे पूर्ण होताना, १८७४ मध्ये, तिचे लग्न गोपाळरावांशी झाले. वर बिजवर होता, वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकू दिले पाहिजे, या अटीवर त्याने लग्न केले होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि अभ्यास सुरू झाला. त्या अभ्यासात प्रेम किती आणि दहशत किती, याचा हिशेब पुढे तिनेच मांडला. पण त्यासाठी नवरा-बायकोत एक महासागर यावा लागला.

टपाल खात्यातल्या माणसाच्या नशिबी बदल्या ठरलेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, पुढे कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असा या जोडप्याचा प्रवास झाला. यातील श्रीरामपूर म्हणजे बंगालमधील हुगळीकाठचे, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले नव्हे. या भटकंतीतच वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहाच दिवस जगला. बाईला बाई डॉक्टर हवी, या विचाराचे मूळ अनेकांनी या घटनेत शोधले आहे.

कोल्हापुरात असताना १८७८ मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना एक इंग्रजी पत्र लिहिले. त्यात आपल्याला अमेरिकेत एखादी नोकरी आणि पत्नीच्या शिक्षणाची सोय, अशा दोन मागण्या होत्या. एकाच कागदावर पोटापाण्याचा अर्ज आणि घरातले गुज, असा तो प्रकार होता. त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर वस्ती करणारी कुटुंबे अशीच पत्रे लिहीत होती. जमिनीचा भाव, बियाण्याची मागणी, उधारीचा तगादा आणि वारलेल्या मुलाची बातमी, सारे एकाच पानावर. कागद आणि टपालखर्च वाचवायचा असे, आणि जगण्यात तरी व्यवहार व जिव्हाळा यांचे कप्पे वेगळे कुठे होते?

गोपाळरावांचे पत्र अखेर प्रिन्स्टनला रॉयल वाइल्डर यांच्या हाती पडले. वाइल्डर हे स्वतः कोल्हापुरात दीर्घकाळ काम केलेले मिशनरी. मायदेशी परतून त्यांनी मिशनरी कार्याला वाहिलेले एक नियतकालिक काढले होते. त्यात त्यांनी गोपाळरावांचे पत्र छापले आणि सोबत आपले उत्तरही छापले. ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची तयारी असेल तर मदतीचा विचार करता येईल, असा त्या उत्तराचा रोख होता. गोपाळरावांना ते मान्य होणे शक्य नव्हते. व्यवहार म्हणून पाहिले तर पत्र वाया गेले होते.

ते वाया गेले नाही, याला कारण एका बाईची दाढ. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला नियतकालिकाचा जुना अंक त्यांनी चाळायला घेतला आणि कोल्हापूरचे ते पत्र त्यांच्या नजरेस पडले. बायकोला शिकवण्यासाठी धडपडणारा हिंदू नवरा आणि त्याला मिळालेले अटीचे उत्तर, या दोन्हींनी त्या अस्वस्थ झाल्या. त्यांनी सरळ हिंदुस्थानात पत्र धाडले. त्यात धर्माची अट नव्हती.

अशी पत्रे दोन अनोळखी घरांना परवडावीत, यामागे काही नव्या व्यवस्था होत्या. सुएझ कालवा आणि अमेरिकेचे दोन किनारे जोडणारा लोहमार्ग, दोन्ही १८६९ मध्ये खुले झाले. निरनिराळ्या देशांचे टपाल एका दरात व एका नियमात आणणारा संघ १८७४ मध्ये स्थापन झाला आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात सामील झाला. तरीही एका पत्राच्या उत्तरासाठी कित्येक आठवडे थांबावे लागेच. टपाल कचेरीत दिवस घालवणाऱ्या गोपाळरावांना या वेळापत्रकाची जाण इतर कोणाहीपेक्षा अधिक असणार.

कार्पेंटरबाईंना भुजहून उत्तरे जाऊ लागली. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. चालीरीती, सणवार, जेवणखाण, पोशाख, बालविवाह असे अनेक विषय या पत्रांतून येत गेले. आनंदीबाईंनी या परक्या बाईंना मावशी मानले. त्यांचे इंग्रजी या पत्रव्यवहारात कसे पक्के होत गेले, हे पत्रे क्रमाने वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारी मुलगी हळूहळू आपली मते मांडू लागते, कार्पेंटरबाईंशी न पटणारी गोष्टही नम्रपणे सांगते. प्रकृतीची कुरकुर मात्र पहिल्यापासून आहे. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठवली.

पुढे बंगालमध्ये रस्त्यातून पतीबरोबर चालणाऱ्या, पुस्तके घेऊन जाणाऱ्या या मराठी बाईकडे लोक टक लावून पाहत, वाटेल ते बोलत. रजा आणि पैसा या दोन्हींच्या अडचणीमुळे गोपाळरावांना सोबत जाता येणार नव्हते. आनंदीबाईंनी एकटीने जावे असे ठरले. अठरा वर्षांच्या हिंदू विवाहितेने एकटीने समुद्र ओलांडायचा, ही कल्पनाच गहजब उडवणारी होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. अमेरिकेला का जायचे, एकटीने का जायचे, परतल्यावर जात बहिष्कार घालील त्याचे काय, असे एकेक प्रश्न घेऊन त्यांनी इंग्रजीतून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जात आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी भर सभेत सांगितले. खर्चासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या. ७ एप्रिल १८८३ ला त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तीन वर्षे केवळ अक्षरांतून ओळखीची असलेली मावशी त्यांना घ्यायला आली होती.

रोझेलला पोहोचून महिनाही झाला नव्हता तोच आनंदीबाईंनी आणखी एक पत्र लिहिले. हे पत्र कामाचे होते. पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झालेले होते. तेथे प्रवेशासाठी हा अर्ज होता. आपले शिक्षण ठरावीक चाकोरीतून झालेले नाही, तेव्हा पात्रतेच्या बाबतीत काही सवलत मिळावी, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने म्हटले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे. जातीचा आणि आप्तांचा विरोध सोसून जो निश्चय इथवर घेऊन आला, तोच पुढेही कामी यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. विनंतीच्या भाषेत दैन्य नव्हते. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी पुढे त्यांना आपल्या घरीही आसरा दिला, कारण भाड्याच्या खोलीतील धुराच्या शेगडीवर शाकाहारी स्वयंपाक करता करता ही विद्यार्थिनी खंगत चालली होती.

फिलाडेल्फियाहून गोपाळरावांना जी मराठी पत्रे जात होती, ती या साऱ्या पत्रव्यवहारातील सर्वांत बोलकी. गोपाळराव दूर बसून जाब विचारीत. पोशाख बदललास का, परक्यांच्या नादी लागलीस का, असा संशय त्यांच्या पत्रांतून डोकावे. आनंदीबाईंनी पोशाखाचा खुलासा सविस्तर केला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्या थंडीत ते निभत नाही, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसते, असे त्यांनी कळवले. हा खुलासा झाला पत्नीचा. पण एका पत्रात मात्र त्या निराळ्याच सुरात बोलल्या.

गोपाळरावांनी आपल्याला चांगले वागवले की वाईट, हे ठरवणे अवघड आहे, अशी त्या पत्राची सुरुवातीची भूमिका आहे. अंतिम हेतू पाहिला तर ते वागणे बरोबर ठरेल, हे त्या मान्य करतात. लगेच पुढे दुसरी बाजू येते. दहाव्या वर्षी लाकडाने दिलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, बाराव्या वर्षी दिलेली टाकून देण्याची धमकी, हे सगळे वयानिशी नोंदवून त्या सांगतात की त्या कोवळ्या शरीराला आणि मनाला ते झेपणारे नव्हते. त्या वयात मुलगी घर सोडून गेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या पतीपुढे ठेवतात. हिंदू स्त्रीला नवऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार नाही, त्याने हवे ते करावे आणि तिने गप्प राहावे, एवढाच तिचा अधिकार, असेही त्या लिहितात. आणि धीर धरणे हे मात्र नवऱ्यांनी बायकांकडून शिकण्यासारखे आहे, असा टोलाही देतात. उपकार नाकारलेले नाहीत. मारही विसरलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीने हयात पतीला उद्देशून इतके स्पष्ट लिहिल्याची उदाहरणे विरळाच. समोरासमोर हे बोलणे शक्य झाले असते का, याची शंकाच आहे. ज्या शिक्षणासाठी तिला मारले गेले, त्याच शिक्षणाने तिच्या हाती लेखणी आली होती आणि ज्या टपालावर गोपाळरावांचा संसार चालला, त्याच टपालाने हे पत्र त्यांच्या दारात टाकले. त्यांनी ते फाडून टाकले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी.

गोपाळराव पुढे पूर्वेकडच्या मार्गाने प्रशांत महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि व्याख्याने देत देत खंडाची रुंदी पार करून १८८५ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचले. अमेरिकन समाजावर त्यांनी अमेरिकेतच जाहीर टीका केली, आणि यजमानांना अवघडून टाकले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाच्या दिवाणांकडून नेमणुकीचे पत्र आले. ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी, दरमहा ३०० रुपये वेतन. ज्या गावातून आठ वर्षांपूर्वी मदतीची याचना गेली होती, त्याच गावाने आता नोकरी देऊ केली होती. आनंदीबाईंनी होकार कळवला. तोपर्यंत क्षयाने त्यांना ग्रासले होते.

९ ऑक्टोबर १८८६ ला पतीसह न्यूयॉर्क सोडून १६ नोव्हेंबरला त्या मुंबईत उतरल्या. स्वागत झाले, अभिनंदने झाली. सनातनी पुण्यातही त्यांच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची रीघ लागली. चार वर्षांपूर्वी बहिष्काराची भाषा करणारा समाज हाच होता. लोकमान्य टिळकांनी पत्रासोबत १०० रुपये पाठवले. उपचारांचा उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या एकही दिवस काम करू शकल्या नाहीत.

पत्रे मागे राहिली. कार्पेंटरबाईंकडील पत्रांच्या आधारे कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, तर काशीबाई कानिटकरांनी पत्रे जमवून मराठी चरित्र लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे आरंभीच्या चरित्रांपैकी एक. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. घराघरांत आनंदीबाई पोहोचल्या त्या तिच्यामुळे. मूळ पत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वळले ते मीरा कोसंबी यांच्या संशोधनामुळे.

गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या. तेथील दगडावर आनंदीबाईंचे नाव, त्यांची पदवी आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख कोरलेली आहे.