मक्याच्या शेतातले प्राध्यापक : डॉ. पांडुरंग खानखोजे

माण, खटाव, जत किंवा आटपाडीकडे तुमची दावण असेल, तर आफ्रिकन टॉल मक्याची ओळख करून द्यायला नको. उंच, पालेदार, दुभत्या जनावरांना मानवणारा चारा. हा संमिश्र वाण आहे, म्हणून त्याचे बी नीट राखले तर पुढच्या हंगामात पेरता येते. धान्यासाठी दुकानातून आणलेल्या संकरित मक्याचे तसे नसते. त्याचे दाणे घरी ठेवून पेरले की दुसऱ्या वर्षी एक ताट डोक्याच्या वर, एक कमरेएवढे, कणसे लहानमोठी आणि उतारा घटलेला, असा प्रकार होतो. मक्याची जात कशी टिकते, कशी बिघडते आणि कशी सुधारते, हे शेतकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यात वर्ध्याच्या एका माणसाने उमेदीची वर्षे घालवली. फक्त ती शेते आपल्याकडची नव्हती, मेक्सिकोतली होती.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्यात झाला. आपल्या भागात पत्री सरकारच्या आठवणी अजून घरोघर निघतात, त्यामुळे क्रांतिकारक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जे येते, तेच खानखोजे तरुणपणी होते. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली ते विशीच्या सुमारास देश सोडून बाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिका. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शाळेत शिक्षण घेतले. त्याच काळात त्यांनी शेतीचा अभ्यासही सुरू केला आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत तो पुढे नेला. तिकडे मजुरी करणाऱ्या पंजाबी कामगारांना संघटित करणाऱ्यांत ते होते. गदर चळवळीच्या पहिल्या फळीत त्यांचे नाव येते.

पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले आणि तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांविरुद्ध लढले. हा भाग एखाद्या कादंबरीसारखा आहे आणि बहुतेक लेखांत तोच रंगवून सांगितला जातो. आपण इथे तो थोडक्यात आटोपू. युद्ध हरले, हिंदुस्थानात परतायची वाट बंद झाली, आणि १९२४ मध्ये हा माणूस मेक्सिकोत पोहोचला. जवळ होते ते शेतीचे शिक्षण.

मेक्सिको त्या वेळी कशातून जात होता, हे लक्षात घ्या. १९१० मध्ये तिथे क्रांती सुरू झाली. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटण्याचा मार्ग उघडला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांच्या हाती जमीन येऊ लागली. पण जमीन मिळाली म्हणजे पीक येते असे नाही. चांगले बी कुठून आणायचे, धुके आणि कडाक्याच्या थंडीत मका कसा वाचवायचा, पाऊस ओढला तर काय करायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. कृषितज्ज्ञ थोडे, आणि होते तेही शहरात.

राजधानीजवळ टेक्सकोको भागात चापिंगो नावाची मोठी जमीनदारी होती. तिथे राष्ट्रीय कृषी शाळा नुकतीच हलवण्यात आली होती. खानखोजे त्या शाळेत प्राध्यापक झाले. परकी माणूस, परकी स्पॅनिश भाषा आणि समोर शेतकऱ्यांची पोरे. वनस्पतिशास्त्र, पीकसुधारणा आणि आनुवंशिकी हे त्यांचे विषय. मका, गहू आणि कडधान्ये यांवर त्यांनी काम केले. दुष्काळात आणि थंडीत तग धरतील असे वाण मिळवणे हा त्यांचा ध्यास होता. चापिंगो समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे, तिथे हिमतुषार एका रात्रीत पीक झोपवतात.

मक्याचा त्यांचा अभ्यास समजून घ्यायचा तर टिओसिंटे माहीत हवे. आपल्याकडे चाऱ्यासाठी काही जण ते लावतात, मकचरी या नावाने ते ओळखले जाते. मेक्सिकोत हे गवत मक्याच्या शेताच्या बांधावर आपोआप उगवते. फुटवे भरपूर, कणीस बोटाएवढे आणि त्यात कठीण कवचाचे मोजके दाणे. आजचा मका याच गवतापासून माणसाने हजारो वर्षे निवड करत घडवला. दोघांचा आपसात संकरही होतो. खानखोजे यांनी असे संकर करून त्यांची संतती पाहिली आणि त्यातून निवड केली. अनेक कणसांचा एक वेगळा मका त्यांनी अभ्यासून त्यावर पुस्तिका लिहिली. त्याला त्यांनी दिलेल्या स्पॅनिश नावाचा अर्थ डाळिंब. छायाचित्रकार टीना मोदोत्ती हिने त्यांच्या कामाची, कणसांची छायाचित्रे काढली.

आता हे शास्त्र तुमच्या शेतात कुठे लागू पडते ते पाहा. मक्याचा तुरा शेंड्याला असतो, कणीस मधल्या पेरांवर. तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडतात आणि शेजारच्या झाडांच्या कणसाच्या केसांवर पडतात. प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याची वाट. म्हणजे एकाच कणसातल्या दाण्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. भात, गहू, सोयाबीन ही स्वपरागी पिके आहेत, त्यांचे बी राखणे सोपे. मक्यात शेजाऱ्याच्या शेतातला पराग तुमच्या कणसात शिरतो. म्हणून संमिश्र वाणाचे प्रमाणित बीजोत्पादन करताना दुसऱ्या मक्यापासून किमान २०० मीटर अंतर ठेवतात. तेवढे जमत नसेल तर पेरणीची तारीख मागेपुढे करा, म्हणजे दोन्ही शेतांतले तुरे एकाच वेळी येणार नाहीत.

बी निवडताना बहुतेक जण एक चूक करतात. मळणीच्या ढिगातून मोठी मोठी कणसे वेचतात. बांधाकडेच्या ताटाला जागा, खत आणि ऊन जास्त मिळते, म्हणून त्याचे कणीस मोठे दिसते. त्यात त्याच्या जातीचा गुण असेलच असे नाही. निवड उभ्या पिकात करायची. शेताच्या मधल्या भागात, चारी बाजूंनी शेजार असताना जे ताट निरोगी आहे, लोळलेले नाही, त्याचे कणीस खुणेची दोरी बांधून ठेवा. आणि चारदोन ताटांवर थांबू नका. अगदी थोड्या झाडांपासून बी घेत राहिलात तर जवळच्या नात्यातले संकर वाढतात आणि वाण खुजा पडत जातो. शंभराहून अधिक ताटांची कणसे घेऊन त्यांचे दाणे मिसळावेत. संकरित बियाण्याच्या बाबतीत मात्र हे कष्ट वाया जातात, कारण पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत फुटतो. त्याची पिशवी दरवर्षी नवीच घ्यावी लागेल.

हे ज्ञान फक्त शाळेच्या वर्गापुरते ठेवणे खानखोजे यांना पटले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मेक्सिकोतल्या शेतकरी संघटनांच्या साथीने मोफत कृषी शाळा सुरू केल्या. टेक्सकोको परिसरातल्या गावांत, शेतकऱ्यांच्या दारात. एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झपाटा याचे नाव दिले होते. शिकायला येणाऱ्याला फी नव्हती आणि वयाची अटही नव्हती. सातारकरांना यात काहीतरी ओळखीचे वाटेल. ज्या १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत उतरले, त्याच साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. हे भाऊराव सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचे. दोघांची भेट झाली का, याला महत्त्व नाही. खेड्यातल्या पोराला शिक्षण हवे असेल तर शिक्षणानेच त्याच्याकडे जायला हवे, हा हिशेब दोघांनी आपापल्या जागी मांडला होता.

चित्रकार दिएगो रिवेरा या शाळांच्या कामात त्यांच्या बाजूने होता. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने १९२८ मध्ये एक चित्र काढले. जेवणाच्या टेबलाभोवती कष्टकरी जमले आहेत आणि मध्यभागी बसलेला सावळा माणूस पाव मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे खानखोजे. तिथे जाणाऱ्या किती मराठी पर्यटकांना हे माहीत असते, कोण जाणे.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन तरुणी जीन सिंडिक हिच्याशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या मुली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. चार दशकांनी मायदेशी उतरलेल्या या माणसाला विमानतळावर अडवून ठेवण्यात आले, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव अजून कोणी खोडले नव्हते. शेवटी प्रवेश मिळाला. १९५५ मध्ये ते कायमचे परतून नागपुरात राहिले. पण आपल्याकडच्या शेतीत त्यांच्या अनुभवाचा उपयोग फारसा करून घेतला गेला नाही, असे माझे मत आहे. सत्तरी गाठलेला, परदेशात नाव झालेला आणि घरी अनोळखी ठरलेला तज्ज्ञ, त्याला खुर्ची देणे सोपे असते, त्याच्यासाठी शेत आणि विद्यार्थी देणे अवघड.

१९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले, तेव्हा चापिंगोत शिकून तयार झालेले तरुण कृषितज्ज्ञ त्या देशात होते, आणि त्यातले काही त्यांच्या कामात सामील झाले. बोरलॉग यांचे बुटके गहू खानखोजे यांनी तयार केलेले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण तसा गैरसमज पसरलेला दिसतो. ज्या शाळेत त्यांनी शिकवले, तिथून घडलेली माणसे त्या कामाला मिळाली, एवढेच खरे आहे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे मागवले. ती जहाजे येत होती, त्या वेळी खानखोजे नागपुरात ऐंशी पार केलेले होते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले.